भगरीचा स्टॉल

गहिनीनाथ सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘आनंदबाजार’ असं लिहिलं, खाली दुहेरी रेघ ओढली आणि नववीच्या वर्गात एकच कालवा झाला. डिसेंबरात लढाई जिंकल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हासुद्धा पोरं इतकी नाचली नव्हती. लढाई झाली होती लांब बंगालात, आणि हा बाजार भरणार होता शाळेच्या पटांगणात, सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झालं की लगेच. पोरांनीच मांडायचं, पोरांनीच विकायचं आणि त्यातलं निम्मं पोरांनीच खाऊन टाकायचं, हे न सांगता ठरलेलं होतं.

“काय काय मांडायचं ते तुम्हीच सांगा,” सर म्हणाले. “खाण्याचे स्टॉल आणि खेळांचे स्टॉल. पण जो सुचवील त्यानं घरून करून आणायचं. तोंड एकाचं आणि हात दुसऱ्याचे, असं चालणार नाही. बाजार श्रीमंतआबा उघडणार आहेत. फीत वगैरे काही नाही. ते प्रत्येक खाण्याच्या स्टॉलवर जाऊन घासभर चाखतील, मग विक्री सुरू.”

पुणतांब्याच्या बाजारात जे जे म्हणून कधी खाल्लं होतं ते ते पोरांनी ओरडून सांगितलं. भजी आली, भेळ आली, गुळात घोळलेली गुडीशेव आली. खेळांमध्ये रिंग टाकणं आलं आणि डोळे बांधून गाढवाला शेपूट लावणं आलं. छगननं मिसळ सांगितली. छगन म्हणजे श्रीमंतआबांचा नातू, आणि श्रीमंतआबा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का आणि अर्ध्या गावाची भावकी मुठीत. त्यामुळे छगननं काही सुचवलं की ते वर्गाला आधीपासूनच आवडलेलं असायचं.

मग शेवटून दुसऱ्या बाकावरून पुष्पावतीनं हात वर केला.

“आमटी-भाकरी,” ती म्हणाली. “काळ्या मसाल्याची आमटी. माझी आई करील.”

वर्ग गप्प झाला. शेजारी बसलेल्या लंकानं मान खाली घातली आणि बाकावर नसलेलं काहीतरी बोटानं पुसायला लागली. सरांनी खडू उचलला होता, तो तसाच हातात राहिला. ते जूनमध्येच पाथर्डीकडून इथं आले होते, अजून कायम झाले नव्हते, आणि गावात कोण कोणाकडे जेवतं हे काही नेमणुकीच्या हुकुमात लिहिलेलं नसतं.

“सर, तिला रिंगच्या खेळावर घ्या,” छगन म्हणाला. “आमटी करायची तर आमच्या घरून व्हईल.”

“का? तिनं सुचवलंय.”

छगननं उत्तर दिलं नाही. इतर कोणीही दिलं नाही. पण शाळा सुटल्यावर शिपायानं सरांना बाजूला घेऊन ते दिलं, आणि ते असं होतं.

दोन वर्षांपूर्वी छगनच्या बापानं, बन्सीनं, शेजारच्या एका विधवेच्या शेताचा बांध कोरला. दर नांगरटीला वीतभर, असं करत करत चांगलं दोन सऱ्यांचं रान आपल्यात ओढलं. बाई कचेरीत गेली. मामलेदारानं साक्षीला बोलावलं पुष्पाच्या बापाला, कारभारीला, कारण त्याचं शेत दोघांना लागून होतं. कारभारी बन्सीचा चुलतभाऊ. भावकीला वाटलं, हा काय बोलतोय, आपल्यातलाच आहे. कारभारीनं टोपी काढून हातात घेतली आणि सांगितलं, “बांध बन्सीनं कोरला.” खरं ते बोलून तो घरी आला आणि त्या दिवसापासून त्याच्या घरचं खाणं-पिणं बंद झालं. आबांनी पंचायत भरवली नाही की दवंडी पिटली नाही. त्या वर्षी त्यांच्या घरी झालेल्या बारशाला फक्त कडूबाईला, म्हणजे पुष्पाच्या आईला, बोलावणं आलं नाही, आणि गावाला कळायचं ते कळलं.

कारभारीचं काय, त्याला शेत होतं, बैल होते, तो दिवसभर बांधावर होता. घरात राहायची ती कडूबाई. आता या संक्रांतीलाही तिनं तीळ भाजले, गूळ चढवला, वाटी भरून उंबऱ्याशी ठेवली आणि दिवेलागणीपर्यंत दाराकडे बघत बसली. समोरच्या आळीतून बायका ओळीनं गेल्या, एकमेकींच्या घरात शिरल्या. या दाराशी आल्यावर सगळ्यांना पदर सावरायची आठवण झाली. पुष्पानं ते बघितलं होतं. आपल्या आईच्या हातचं कोणीतरी, चारचौघांत, सगळ्यांना दिसेल असं खावं, एवढंच तिला हवं होतं. त्या पोरीला दुसरं काहीही नको होतं, आणि गावात यापेक्षा अवघड मागणं दुसरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या स्टॉलवर मदतीला यायच्या होत्या त्या मुली एकेक करून गळल्या. एकीची आई नको म्हणाली होती, एकीच्या घरी पाहुणे येणार होते. लंका शेवटपर्यंत थांबली, आणि मग म्हणाली, “पुष्पे, माझ्यावर राग धरू नको. आमाला आबांच्याच मळ्यात कामाला जायचं असतं.” पुष्पानं राग धरला नाही. तिला रडू आलं, पण तिनं ते पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तोंड धुवून मिटवलं.

सरांनी तिला वर्गाबाहेर बोलावलं. “तुला रिंगचा खेळ दिला तर?”

“मी आमटी सांगितलीय, सर.”

“आबा पहिला घास घेणार. तुझ्या स्टॉलवर आले आणि तसेच पुढं गेले, तर सगळ्या गावापुढं होईल ते. आत्ता निदान झाकलेलं तरी आहे.”

“झाकलेलं न्हाई, सर. आमाला तर उघडंच दिसतं.”

सरांनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्यांची नोकरी कायम करायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण, हे त्यांना पाठ होतं. घाबरलेला माणूस चांगलाही असू शकतो. सर तसेच होते. “बरं,” एवढंच म्हणाले, आणि फळ्यावरचं ‘आमटी-भाकरी’ त्यांनी पुसलं नाही.

घरी पुष्पानं सांगितलं तेव्हा कडूबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

“माझं नाव कशाला घेतलंस?”

“तूच करनार ना.”

“कोन करनार म्हनलं? गावाम्होरं माझ्या तोंडाला काळं फासायला निघालीस व्हय?” ती खरोखर चिडली होती, आणि चिडण्याच्या खाली भ्याली होती. मग एकदम तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “सव्वीस तारीख म्हनलीस ना? आगं, त्या दिशी तर एकादशी. माघातली, मोठी.”

गंमत बघा. हेडसरांनी बाजार ठरवला, समितीनं मान डोलावली, पोरांनी मिसळ-भजी लिहून घेतली, पण पंचांग कोणी उघडलं नाही. झेंड्याला तिथी नसते, तो तारखेला चढतो, म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही. अर्धा गाव माळकरी, आणि कांदा-लसणाचा बाजार भरणार होता ऐन एकादशीला.

“सुटलो,” कडूबाई म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. “आबा कुटंच काय खानार न्हाईत. सगळ्यांम्होरून हात जोडत जातील, तसं तुझ्याम्होरूनबी जातील. कर बाई तुझी आमटी. पोरंटोरं खातील न्हाईतर न्हाई.”

पुष्पा चुलीतल्या जाळाकडे बघत राहिली. आईला इतकं हलकं वाटलेलं तिनं कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना. अपमान होणार नाही, म्हणून आई खूश होती. कोणी खाणार नाही, हे तिनं धरूनच टाकलं होतं.

“मग भगर करू,” पुष्पा म्हणाली.

“काय?”

“भगर. आन शेंगदान्याची आमटी. उपासाची.”

कडूबाईला समजायला क्षणभर वेळ लागला, आणि समजल्यावर तिनं हातातली भाकरी परातीत टाकून दिली. “त्यांना जायला वाट हुती. तीबी आडवतीस? सगळ्या बाजारात त्यांच्या तोंडात घालन्यासारखं एकच, आन ते आपल्या घरचं? मंग त्यांनी न्हाई खाल्लं, तर काय ऱ्हायलं आपलं?”

“मंग कळंल तरी.”

“मला न्हाई कळून घ्यायचं. मी करनार न्हाई.”

कारभारी बाहेर ओट्यावर बसला होता. तो बोलणारा माणूस नव्हता. आयुष्यात एकदाच चारचौघांत बोलला होता आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तो उठून दारात आला, पण आत आला नाही.

“साक्ष मी दिली,” तो म्हणाला, “आन कोंडून पडलीस तू. मला रोज दिसतंय ते.” त्यानं चौकटीला हात टेकला. “कर. तिचं ऐक.”

कडूबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं भाकरी उचलली आणि तव्यावर टाकली, आणि निजण्याआधी भगरीचा डबा उघडून किती आहे ते बघून ठेवलं.

वर्गात पुष्पानं बदल सांगितला तेव्हा छगन खो खो हसला. “बाजारात भगर? कोन घेनार गं ती?” पोरंही हसली. मग छगनचं हसणं अर्ध्यातच अडकलं. एकादशी. घरात त्या दिवशी आजोबा काय खातात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं पुष्पाकडे बघितलं, आणि पुष्पानं डोळे वळवले नाहीत.

“सर, हे चालनार न्हाई,” छगन म्हणाला.

“का बरं?”

आता आली का पंचाईत. कारण सांगायचं तर ते मोठ्यानं सांगावं लागणार, आणि जे दोन वर्षं कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं, ते नववीतल्या पोरानं कसं बोलावं? छगनचे कान लाल झाले. सरांनी फळ्याकडे वळून ‘आमटी-भाकरी’ पुसलं आणि ‘भगर’ असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

सव्वीस तारखेला झेंडा चढला, कवायत झाली, भाषणं झाली. आबांनी हेडसरांच्या खोलीत चहा घेतला. दार उघडं होतं, सगळ्यांनी बघितलं. पटांगणाच्या कडेनं टेबलं मांडून स्टॉल लागले होते. पुष्पाचा सगळ्यात शेवटी, कडुलिंबाच्या झाडापाशी. टेबलावर भगरीचं पातेलं, आमटीची कळशी आणि पळसाच्या पानांचे द्रोण. टेबलामागे ती एकटी. कडूबाई आली होती, पण झाडाच्या पलीकडे, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. कारभारी घरीच राहिला होता. आपण तिथं असलो तर आबांना आणखी अवघड जाईल, असं तो म्हणाला होता. त्या माणसाला अजूनही आबांची काळजी होती.

आबा निघाले. मागे आक्काबाई, त्यांची बायको, तिच्यामागे भावकीतल्या बायका, आणि शेजारी हेडसर. मिसळीच्या स्टॉलवर आबांनी भांड्याला हात लावून तो कपाळाला टेकवला. “आज एकादशी हाय, बाळांनो. हात लावला म्हंजे पोचलं.” हेडसरांनी जीभ चावली, त्यांना आत्ता कळत होतं. भज्यांना हात लावला, भेळीला लावला, गुडीशेवेला लावला. बायका तशाच मागून आल्या. सगळ्यांचीच एकादशी. इतर पोरांसाठी आबा पुढे सरकत होते, तिच्यासाठी जवळ येत होते.

शेवटी ते टेबलासमोर उभे राहिले. आमटीची वाफ त्यांच्या धोतरापर्यंत येत होती.

“वा,” हेडसर खुशीत म्हणाले. बिचाऱ्यांना खरंच काही माहीत नव्हतं, ते नगरहून येऊन-जाऊन करत. “आबा, इथं तुमची सोय झाली बघा. एका पोरीला तरी तिथी आठवली.”

पुष्पानं द्रोण भरला. भगर, वर आमटी. दोन्ही हातांत धरून पुढे केला. मिसळीच्या स्टॉलवर छगन पळी हातात धरून उभा होता, गहिनीनाथ सर डोळे जमिनीला लावून. आबांनी द्रोणाकडे बघितलं. भूक लागली होती त्यांना, उन्हं वर आली होती. हात थोडा उचलला गेलासुद्धा.

“आज माझी निर्जळी हाय,” आबा म्हणाले.

हात खाली गेला. चहाची गोष्ट प्रत्येकाच्या मनात आली आणि कोणाच्याही तोंडातून आली नाही. पुष्पाचे हात पुढेच राहिले. द्रोणातून आमटी तिच्या मनगटावर सांडली, गरम होती, तिला कळलं नाही. झाडामागे आई आहे, आणि आईनं ऐकलंय, एवढंच तिला कळत होतं. आपण आईला घरातून ओढून इथं आणलं, याच्यासाठी.

“तुमची असंल निर्जळी,” मागून आक्काबाई म्हणाली. “माझी न्हाई.”

आबांनी वळून बघितलं. आक्काबाईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती पुढे आली, टेबलाला वळसा घालून पुष्पाच्या बाजूला गेली, आणि लिंबाच्या सावलीत खाली बसायला लागली. गुडघे दुखायचे, बसायला वेळ लागला. तिच्याच मुलानं तो बांध कोरला होता, आणि तिच्याच नवऱ्यानं हे दार बंद केलं होतं. खाली बसताना तिनं काय काय मागे टाकलं ते तिचं तिलाच ठाऊक. “उभ्या उभ्या खायला मी काय शेळी हाय? दे हिकडं, पुष्पे.”

तिनं द्रोण घेतला. पहिला घास घेतला. भावकीच्या बायका बघत होत्या, पोरं बघत होती. दुसरा घास घेतला, चघळला, आणि कपाळाला आठी घातली.

“कडू कुटंय?” ती म्हणाली. “ए कडू. झाडामागं काय लपलीस, हिकडं ये.”

कडूबाई आली. पदर तसाच, पाय जड.

“ही काय भगर केलीस? मीठ न्हाई हिच्यात. एवढी जुनी सून तू, आन तुला पातेल्याच्या मानानं मीठ टाकता येईना?”

दोन वर्षांत कडूबाईला भावकीतलं कोणी रागावलं नव्हतं. तिच्यानं राहवलं नाही.

“दोन वरीस तिघांपुरतंच रांधलं, आत्याबाई,” ती म्हणाली. “जास्तीचा अंदाज गेला माझा.”

आक्काबाईचा हात द्रोणातच थांबला. तिनं डोळे पुसले, तेही उघडपणे, पदराच्या टोकानं, आणि उरलेलं संपवून द्रोण पुढे केला. “वाढ आनखी. मीठ मागव कुनाकडनं तरी.”

मीठ भज्यांच्या स्टॉलवरून आलं. ते घेऊन आली लंका. तिच्यामागे एक बाई खाली बसली, मग दुसरी, मग ओळच झाली. आबा तोवर खुर्चीत जाऊन बसले होते. निर्जळी म्हटलं होतं चारचौघांत. आता संध्याकाळपर्यंत पाण्याच्या तांब्याकडे बघायचीही सोय नव्हती. त्यांना कोणी काही म्हणालं नाही. त्यांनीही बायकांना उठवलं नाही.

पातेलं बघता बघता तळाला गेलं. कडूबाईनं पदर खोचला. “पुष्पे, पळ घरी. आदण ठेव. मी आले मागून भगर धुवायला.”

पुष्पा धावत सुटली. कारभारी ओट्यावरच होता, तसाच, टोपी मांडीवर घेऊन. तिला धावत येताना बघून तो उठला, आणि त्याचा चेहरा इतका पडला की तिला आधी तेच सांगावं लागलं.

“आई आदण ठेव म्हनली, दादा. पुरलं न्हाई. लई बाया बसल्यात.”

“कोन बाया?”

“आपल्याच.”

कारभारी आत गेला. चुलीजवळचं रोजचं पातेलं त्यानं बघितलं आणि बाजूला सारलं. शिडी लावून माळ्यावर चढला, कार्याच्या वेळचं मोठं पातेलं पोत्याखालून ओढून खाली आणलं. आत कोळ्यांची जाळी होती आणि धूळ. तो परसात नेऊन राखेनं घासायला लागला. पुष्पानं चूल पेटवली, पाण्याचे हंडे आणून ठेवले, परत येऊन बघितलं तर तो अजून घासतच होता.

“दादा, झालं ते. निघालं स्वच्छ.”

“व्हय,” कारभारी म्हणाला, पण त्याचं तोंड पलीकडे होतं, आणि राखेचा हात काही थांबला नाही.